हिरवी उलटी, पांढरी शी आणि साठ दिवसांची मुदत



या पानावर आम्ही दर अंकात बेणे, लागण, खतांचे हप्ते, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम याविषयीच लिहितो. यावेळी विषय निराळा घेतला आहे. ऊसवाल्याने उसाचे बोलावे, लेकरांच्या पोटाचे डॉक्टर बोलतील, असे कोणी म्हणेल तर ते रास्तच आहे. आमची पदविका शेतीची. परंतु शिवारफेरीत माणसे आमच्याशी उसाइतकेच घरचेही बोलतात, आणि गेल्या हंगामात जे ऐकले ते ऐकून गप्प बसवेना.

आपल्याच कार्यक्षेत्रातील एका सभासदाच्या नातवाला जन्मल्यावर कावीळ झाली. नवजात लेकराला कावीळ होतेच, कोवळे ऊन दाखवा, असे चार बायकांनी सांगितले. ऊन दाखवून झाले. मग कावीळ उतरवणारा झाला, गळ्यात माळ झाली. लेकरू अंगाने बरे दिसत होते, दूध पीत होते, म्हणून कोणाला घाई वाटली नाही. चार महिने उलटले, पोट मोठे दिसू लागले, तेव्हा मोठ्या शहरात नेले. तिथला डॉक्टर एकच वाक्य बोलला, "दोन महिन्यांच्या आत आणले असते तर." आजोबांनी हे वाक्य आम्हाला धुऱ्यावर बसून सांगितले आणि पुढे काही बोलले नाहीत.

दोन महिन्यांच्या आत म्हणजे काय, हा प्रश्न आम्हाला तिथून लागला. लागणीला तारीख असते, तोडणीला तारीख असते, तोडलेला ऊस चोवीस तासांत गव्हाणीत पडला नाही तर वजनही जाते आणि उताराही जातो, हे आपण जाणतो. लेकराच्या पोटालाही अशी तारीख असते, हे आम्हाला तरी नवीन होते. म्हणून ओळखीच्या डॉक्टर मंडळींना विचारले, मिळाले तेवढे वाचले, आणि आपल्याला समजेल अशा भाषेत खाली देत आहोत.

पोट म्हणजे एक लांब पाट

तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नाचा मार्ग म्हणजे एकच सलग पाट आहे असे समजा. अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे. वाटेत यकृताकडून पित्ताची एक बारीक चारी येऊन त्याला मिळते. हा सगळा पाट आईच्या पोटात पहिल्या तीन महिन्यांतच खणला जातो. क्वचित एखाद्या लेकरात तो मध्येच तुटलेला राहतो, कुठे बुजलेला राहतो, कुठे पीळ पडतो, तर कुठे शेवटचे तोंडच उघडलेले नसते.

इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो. असे लेकरू जन्मले की पहिला बोट सुनेकडे जातो. ग्रहणात भाजी चिरली असेल, अमुक खाल्ले असेल, तमुक ओलांडले असेल. ग्रहणात भाजी चिरल्याने कोणाच्या लेकराची अन्ननलिका तुटत नाही. बहुतेक वेळा नेमके कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. बाळंतीण आधीच दुखण्यात असते, तिला आणखी बोलून घरातल्या कोणाचेही भले होत नाही, आणि त्या बोलण्यात दवाखान्याचे दोन दिवस मात्र वाया जातात.

अशी लेकरे किती? गुदद्वार नसलेले लेकरू सुमारे पाच हजार जन्मांमागे एक, अन्ननलिका तुटलेले साधारण चार हजारांमागे एक, पित्ताची नळी बुजलेले दहा ते वीस हजारांमागे एक. वाचायला आकडा लहान वाटतो. पण एका तालुक्यात वर्षाला किती पाळणे हलतात ते मोजले, की दर एक-दोन वर्षांत कुठल्या तरी गावात असे एखादे लेकरू असणारच, हे ध्यानात येते.

पांढरी शी

आजोबांच्या नातवाला जे झाले त्याला डॉक्टर बिलिअरी अट्रेशिया म्हणतात. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी चारी बुजलेली असते. पित्त यकृतातच तुंबते आणि यकृत हळूहळू सुकून टणक होत जाते. शीला पिवळा रंग येतो तो पित्तामुळे. पित्तच आले नाही तर शी पांढरट, खडूसारखी किंवा मातकट होते. उलट लघवी गडद पिवळी होते आणि लंगोटावर डाग पडतो. तान्ह्या लेकराची लघवी खरे तर पाण्यासारखी असायला हवी.

घरात बघायचे ते एवढेच. चौदा दिवस झाले तरी डोळे पिवळे आहेत का? शी पांढरट आहे का? लघवीचा डाग पडतो का? यातले एक जरी असले तरी ऊन दाखवत बसू नये. रक्ताची एक तपासणी असते, बिलीरुबिनची, त्यात दोन प्रकार वेगळे मोजतात. 'डायरेक्ट' वाढलेले असेल तर साधी कावीळ नव्हे, एवढे आपण डॉक्टरला विचारून घ्यावे.

यावरची शस्त्रक्रिया जपानमधील सेंदाई येथील डॉ. मोरिओ कासाई यांनी शोधली आणि १९५९ साली छापून जगापुढे ठेवली. त्याआधी अशा बहुतेक लेकरांना मरणाशिवाय वाट नव्हती. कासाईंनी केले काय, तर बुजलेली चारी खरडून काढली आणि लहान आतड्याचा एक वळसा वर ओढून थेट यकृताच्या खालच्या बाजूला जोडला, म्हणजे यकृतातून जे पित्त पाझरेल ते सरळ आतड्यात पडेल. विहिरीकडून येणारी चारी बुजून गेली म्हणून पाटच विहिरीच्या काठाशी नेऊन जोडावा, तसा हा प्रकार. कल्पना साधी वाटते, पण ती सुचायला माणूस लागतो.

आता ती साठ दिवसांची मुदत. जगभरच्या दवाखान्यांनी वर्षानुवर्षे नोंदी ठेवल्या, त्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. लेकरू दोन महिन्यांचे व्हायच्या आत ही शस्त्रक्रिया झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता चांगली. जसजसा उशीर तसतसे यकृत टणक, आणि टणक यकृतातून पाझरणार काय? तीन-चार महिन्यांनंतर आशा फारच कमी होते. आम्ही खोटी हमी देत नाही. वेळेत शस्त्रक्रिया होऊनही पुष्कळ मुलांना पुढे कधी तरी यकृत बदलावे लागते. पण तोवर मूल वाढते, वजन धरते, आणि मोठ्या मुलाची शस्त्रक्रिया तान्ह्यापेक्षा सोपी जाते. यकृत बदलणेही आता आपल्या देशात होते. नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीत याच आजाराच्या, दोन वर्षेही पुरी न झालेल्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसवला गेला. देशातील लहान मुलावरचे ते पहिले यशस्वी यकृतरोपण. तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला.

तैवान हा उसाचा जुना देश. तिथल्या सरकारने २००४ पासून प्रत्येक बाळंतिणीच्या हाती जे आरोग्यपुस्तक दिले त्यात शीच्या रंगांची एक पट्टी छापली. कोणता रंग चांगला, कोणता वाईट, शेजारी शेजारी. आईने लंगोट पट्टीशी लावून बघायचा, एवढेच. त्यानंतर साठ दिवसांच्या आत शस्त्रक्रिया होणाऱ्या लेकरांचे प्रमाण तिथे वाढले. ना यंत्र, ना औषध, एक रंगीत कागद. पानांचा रंग बघून नत्र कमी-जास्त ओळखायचा तक्ता आपण भातासाठी वापरतात तो पाहिलाच असेल. त्यातलाच हा प्रकार.

पुण्याने लावलेला शोध

कावीळ आणि लेकराचे पोट म्हटले की जुनी माणसे सगळ्याला 'लिव्हर' म्हणत. "अमक्याची दोन लेकरं लिव्हरनं गेली" हे वाक्य आम्ही लहानपणी किती वेळा ऐकले असेल. त्यातला एक मोठा वाटा एका निराळ्याच आजाराचा होता. तो शस्त्रक्रियेचा नाही, तरी इथे सांगणे भाग आहे, कारण त्याचा उलगडा आपल्याच महाराष्ट्रात झाला.

सहा महिने ते चार-पाच वर्षांच्या मुलांचे यकृत वाढे, टणक होई आणि मूल दगावे. एकाच घरात दोन-तीन भावंडे जात. पुस्तकांत याचे नावच 'भारतीय बालयकृत-काठिण्य' असे होते. कोणी म्हणे रक्ताचा दोष, कोणी म्हणे करणी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या मुलांच्या यकृतात तांबे साठलेले आहे ही गोष्ट धरली आणि प्रश्न विचारला, तांबे येते कुठून? उत्तर चुलीवर होते. आईचे दूध लवकर बंद करून गाई-म्हशीचे दूध सुरू केले जाई आणि ते दूध कल्हई उडालेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तसेच ठेवले जाई. दुधात तांबे उतरे. १९८३ साली त्यांनी हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. पुढे आजारी आणि निरोगी मुलांच्या घरी दूध कसे पाजले गेले याची तुलना करून तेच पुन्हा दाखवले. शरीरातले तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध अगदी आरंभी दिले तर काही मुले वाचतात, हेही त्यांनी पाहिले. पण खरा उपाय स्टीलच्या पातेल्याने केला. पितळी भांडी माळ्यावर गेली तसा हा आजारही जवळजवळ नाहीसा झाला.

हल्ली तांब्या-पितळेची भांडी पुन्हा शोभेला आणि 'आरोग्याला' म्हणून घरात येत आहेत. मोठ्या माणसाने काय प्यावे ते त्याचे तो ठरवील. तान्ह्याचे दूध मात्र त्यात तापवू नये आणि ठेवू तर मुळीच नये.

हिरवी उलटी

लेकरू पिऊन झाल्यावर दही टाकते, त्याची काळजी नको. तीन ते सहा आठवड्यांचे लेकरू, विशेषतः मुलगा, प्रत्येक पाजणीनंतर लांब फवारा उडेल अशी पांढरी उलटी करू लागला आणि लगेच पुन्हा भुकेला होत असेल, तर जठराच्या तोंडाशी स्नायूचे कडे जाड झालेले असू शकते. ते कडे नुसते उभे चिरून मोकळे करतात. जर्मनीच्या रामस्टेट या सर्जनने १९१२ साली ते चिरलेले तसेच न शिवता सोडून दिले. आधीच्या खेपेला टाके धरतच नव्हते. शंभर वर्षे झाली, तीच शस्त्रक्रिया चालू आहे. लेकरू दोन-तीन दिवसांत पिऊ लागते.

हिरवी उलटी ही मात्र वेगळी गोष्ट. नवजात लेकराने हिरवी उलटी केली तर डॉक्टरांच्या भाषेत, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ती शस्त्रक्रियेचीच समजायची. हिरवा रंग पित्ताचा. पित्त जिथे मिळते त्याच्या खाली पाट अडला आहे, म्हणून ते वर येते. कधी आतडे तिथे जुळलेलेच नसते, कधी त्याला पीळ पडलेला असतो. पीळ पडला की रक्तपुरवठा बंद होतो आणि काही तासांत आतडे काळे पडू लागते. बोस्टनच्या डॉ. विल्यम लॅड यांनी १९३६ साली हा पीळ उलगडून आतडे पुन्हा नीट मांडायची रीत लिहून ठेवली, आजही ती त्यांच्याच नावाने चालते. इथे मुदत दिवसांची नाही, तासांची आहे. रात्री उलटी झाली तर सकाळची वाट बघू नये.

फुगलेले पोट आणि डाग

चांगल्या लेकराला पहिली काळी शी जन्मल्यापासून चोवीस तासांत होते. अठ्ठेचाळीस तास गेले, शी नाही, पोट फुगत चालले, तर पहिल्याने शीची जागा आहे का ते बघावे. हसू नका. दुपट्यात गुंडाळलेल्या लेकराची खालची बाजू दोन-दोन दिवस कोणी नीट पाहिलेलीच नसते. जागाच नसली तर पोटावर शीची तात्पुरती वाट काढतात आणि काही महिन्यांनी खरी जागा तयार करतात. मेक्सिकोतील डॉ. अल्बर्टो पेन्या यांनी १९८२ साली मागच्या बाजूने मधोमध उघडून, शी धरून ठेवणारे स्नायू डोळ्यांनी नीट दिसतील अशी पद्धत छापली, तेव्हापासून पुष्कळ मुले मोठेपणी चारचौघांसारखी शाळेत जाऊ शकतात. पोटावरची पिशवी बघून घरचे घाबरतात, नातेवाईक लेकराला हात लावत नाहीत. ती पिशवी काही काळाची आहे, हे मायबापाला कोणी तरी बसून सांगितले पाहिजे.

जागा आहे, तरी शी नाही, पोट ढोलासारखे, असा दुसरा प्रकार असतो. त्याची हकिगत आम्हाला फार उद्बोधक वाटली. कोपनहेगनचे डॉ. हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली अशी दोन लेकरे वर्णन करून ठेवली. आतडे फुगून प्रचंड झालेले. पुढची साठ वर्षे सगळ्यांची नजर त्या फुगलेल्या भागावर होती. दोष तिथेच असणार म्हणून तोच भाग कापायचे, आणि लेकरू पुन्हा फुगायचे. बोस्टनच्या डॉ. ओर्व्हार स्वेन्सन यांनी १९४८ साली दाखवले की फुगलेला भाग बिचारा चांगला आहे, खरा दोष त्याच्या खालच्या अरुंद, साध्या दिसणाऱ्या तुकड्यात आहे. आतड्याला पुढे ढकलायचा हुकूम देणाऱ्या मज्जापेशीच त्या तुकड्यात नसतात, म्हणून तो कायम आवळलेला राहतो. तो तुकडा काढून वरचे चांगले आतडे खाली आणून जोडले आणि लेकरे बरी झाली.

शेतकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये. खालच्या चारीचे दार गाळाने बंद असते आणि वरच्या वावरात पाणी तुंबून बांध फुटतो. आपण जाऊन बांधावर माती टाकत बसतो. दार कोणी बघत नाही.

आणि पोट फुगले म्हणून डाग देणे? ही चाल आपल्याकडून अजून साफ गेली आहे असे आम्ही म्हणणार नाही. तापल्या सळईने किंवा बिब्ब्याने तान्ह्या लेकराच्या पोटावर डागायचे. आत आतड्याची वाट बंद आहे, ती वरून भाजल्याने कशी उघडेल? वर जखम होते, तिच्यात पू होतो, आणि आधीच खंगलेल्या लेकराला जंतुदोष जडतो. पुढे वाचा म्हणजे त्या जंतुदोषाची किंमत कळेल.

आणखी एक आजार थोडा मोठ्या लेकरांचा, सहा महिने ते दीड-दोन वर्षांचा. चांगले खेळते लेकरू अचानक पाय पोटाशी घेऊन किंचाळते, मग शांत होते, थोड्या वेळाने पुन्हा किंचाळते, आणि पुढे शेंबडासारखी लालसर रक्ताची शी होते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरलेला असतो, बाही बाहीत शिरावी तसा. लोक याला हगवण समजून औषध देतात. वेळेत गेले तर पुष्कळदा चाकू लागतच नाही. सोनोग्राफीत बघत खालून हवा किंवा पाणी दाबाने सोडले की शिरलेला भाग मागे सरकतो. याच हिर्शस्प्रुंगांनी १९०५ साली १०७ मुलांवरचा असा अनुभव लिहिला होता. त्यात पस्तीस टक्के मुले गेली होती, आणि त्या काळी तेही मोठे यश मानले गेले.

याच आजाराशी जुलाबाच्या लसीचा एक संबंध आहे. अमेरिकेत रोटाव्हायरसवरची पहिली लस १९९८ मध्ये आली आणि आतड्यात आतडे शिरण्याचे प्रमाण वाढते असे दिसल्याने १९९९ मध्ये मागे घेतली गेली. त्यामुळे पुढच्या प्रत्येक लसीवर या एका आजारासाठी करडी नजर ठेवली गेली. आपल्या देशी लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि आपल्या पुणे जिल्ह्यातील वढू भाग अशा तीन ठिकाणी ६,७९९ लेकरांवर झाली आणि २०१४ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. रोटाव्हायरसच्या जोरदार जुलाबांपैकी निम्म्याहून अधिक टळले. लस सरकारी कार्यक्रमात आल्यावर देशातील मोठ्या रुग्णालयांत नोंदी ठेवून पाहिले, आतडे शिरण्याचा धोका वाढलेला दिसला नाही. महाराष्ट्रात ती २०१९ पासून सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला फुकट देतात.

आपल्याकडची परंपरा

हे सारे परदेशातलेच असे समजू नये. मुंबईला परळ येथे केवळ मुलांसाठी म्हणून वाडिया रुग्णालय १९२९ साली उघडले. भारतातील बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ मध्ये उभी राहिली. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या अधिष्ठाता डॉ. स्नेहलता देशमुख या मुळात बालशल्यचिकित्सकच. १९९५ ते २००० या काळात त्या मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरू होत्या आणि पदवीपत्रावर आईचे नाव घालण्याचा निर्णय त्यांच्याच काळातला. २०२४ साली त्या गेल्या. करोनाच्या काळात राज्याच्या कृती दलाचे प्रमुख म्हणून ज्यांचे नाव आपण रोज ऐकत होतो ते डॉ. संजय ओक हेही याच शाखेचे. सांगायचा मुद्दा असा की माणसे आपल्याकडे आहेत, विद्या आपल्याकडे आहे. पण ती मोठ्या शहरांत आहे, आणि आपण पैनगंगेच्या काठी.

या अंतराची किंमत २०२१ साली आकड्यांत मोजली गेली. चौऱ्याहत्तर देशांतील २६४ रुग्णालयांनी मिळून ३,८४९ लेकरांची पाहणी केली. सगळी पचनमार्गाचे जन्मदोष असलेली. श्रीमंत देशांत शंभरातली सुमारे सहा लेकरे गेली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत वीस, गरीब देशांत चाळीस. आजार तेच, शस्त्रक्रियाही बहुतेक त्याच. फरक कशाने पडला? लेकरू दवाखान्यात पोचले तेव्हाच त्याच्या अंगात जंतुदोष पसरलेला होता का, कृत्रिम श्वासाची सोय होती का, तोंडाने देता येत नाही तेव्हा शिरेतून पोषण देता येत होते का, शस्त्रक्रियेआधी सुरक्षेची यादी तपासली होती का, अशा गोष्टींनी. यातल्या तीन गोष्टी दवाखान्याच्या आणि सरकारच्या हातच्या आहेत, त्यांचा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पहिली मात्र गावात ठरते.

हदगावहून निघताना

नांदेड आपल्यापासून साठ-सत्तर किलोमीटर. तामसा-मनाठ्याकडच्या एखाद्या वस्तीवरून निघायचे तर त्याआधीचा तास वेगळाच. या प्रवासात लेकरू थंड पडणे हा सर्वात मोठा धोका, आणि आपला गाळपाचा हंगाम नेमका थंडीचा. लेकराचे अंग पुसून कोरडे करावे, टोपी घालावी, आईच्या किंवा बापाच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घ्यावे. हो, बापाच्याही. बापाच्या छातीलाही ऊब असते. हिरवी उलटी किंवा फुगलेले पोट असेल तर तोंडाने काही देऊ नये. घुटी नाही, मध नाही, साखरपाणीही नाही. जन्मल्याबरोबर तोंडाला सारखा फेस येतो आणि पहिल्या घोटालाच लेकरू निळे पडते, तर अन्ननलिका तुटलेली असू शकते. त्यालाही काही पाजू नये, डोके जरा उंच धरावे. हा दोष एकाच शस्त्रक्रियेत जोडून लेकरू जगवण्याचे काम अमेरिकेत डॉ. कॅमेरॉन हाइट यांनी १९४१ सालीच करून दाखवले आहे. आजच्या काळात ते लेकरू एका चमचा पाण्याने जाऊ नये.

गाडीसाठी १०८ लावावा. निघण्यापूर्वी आशाताईकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्यावी आणि फोन करवून बालशल्यतज्ज्ञ कुठे हजर आहे ते विचारून घ्यावे. नाही तर एका दवाखान्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, यातच दिवस जातो.

खर्चाचे म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने पहिल्यांदा ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपला नांदेड जिल्हा होता. २०२३ च्या निर्णयाने तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत गेली. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, आधी त्याला गाठावे. रेशनकार्ड, आधार आणि लेकराचा जन्मदाखला बरोबर असू द्यावा. जन्माची नोंद बारशाची वाट बघत ठेवू नये. नाव नंतर घालता येते.

एक विनंती टोळ्यांविषयी. तोडणीला आलेल्या बायांत दर हंगामाला काही गरोदर असतात, काहींच्या कडेला महिन्या-दोन महिन्यांचे लेकरू असते. कोपीत शीचा रंग कोण बघणार? ज्यांच्या वावरात टोळी उतरली आहे त्या सभासदांनी मुकादमाला एवढे सांगून ठेवावे की असे लेकरू असेल तर गावच्या आशाताईला कळव. उचल अंगावर आहे म्हणून कोणी दवाखान्याचा दिवस अडवू नये. तोडणीचा एक दिवस मागेपुढे झाला तर कार्यक्रमात बसवून घेणे आमच्या खात्याचे काम आहे, ते आम्ही बघू.

शेवटी आमच्या खात्याकडून एक सूचना संचालक मंडळापुढे जात आहे. कारखान्याची दिनदर्शिका दरवर्षी प्रत्येक सभासदाच्या भिंतीवर लागते. तिच्या मागच्या पानावर डॉक्टरांकडून तपासून घेतलेली शीच्या रंगांची पट्टी आणि १०८ हा क्रमांक छापावा. त्या पानावर आजवर उसाच्या वाणांचे फोटो असतात, ते आम्ही एका वर्षापुरते आत घेऊ. याबाबत ज्यांना काही सुचवायचे असेल त्यांनी दिवाळीपूर्वी आपल्या गट कार्यालयात लेखी किंवा तोंडी कळवावे. महिला सभासदांनी आवर्जून कळवावे.

ऊस विकास अधिकारी